भाटघरची रोटरी

स्टार्टर फिरत होता, पण इंजिन काही पकडत नव्हतं. भाटघरला तात्यांच्या गोठ्यात ती लाल स्पोर्ट्स कार उभी होती. गोठ्यात आता जनावरं नव्हती, आणि घरात तात्यांशिवाय माणूस नव्हतं. बायको वारलेली. एकुलता एक मुलगा सचिन ऑस्ट्रेलियात. ही सेकंडहँड जपानी गाडी त्यानंच जाण्याआधी हौसेनं घेतलेली. शिवऱ्याला माझ्या गॅरेजवर फोनही त्यानंच केला. "रफिकभाऊ, रविवारी गिऱ्हाईक येतंय. तेवढी चालू करून द्या."

गाडीत रोटरी इंजिन. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात, यात तिकोनी रोटर गोल फिरतो. दुबईच्या गॅरेजात असताना मी अशी दोन-चार उघडली होती, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात आलं.

बॅटरी ठणठणीत. स्पार्क व्यवस्थित. प्लग काढले तर पेट्रोलनं ओलेचिंब, आणि कॉम्प्रेशन पार बसलेलं. याला आम्ही फ्लडिंग म्हणतो. इंजिन गार असताना जादा पेट्रोल आत जातं. तेवढ्यात बंद केलं तर ते आतच साचतं आणि ऑइल धुऊन काढतं. मग दाबच तयार होत नाही.

गाडी चालू कोण करतं, मी विचारलं.

"मीच की. सकाळी उदबत्ती लावतो, येकदा चालू करतो आन लगीच बंद. उगं पेट्रोल कशाला जाळायचं?"

आमच्याकडे ट्रॅक्टरलाही असंच करतात, ट्रॅक्टर ते सोसतो. मी सांगितलं, तात्या, रोग हाच आहे. इंजिन तापून टेंपरेचरचा काटा मध्यावर येईपर्यंत ही बंद करायची नाही.

तात्यांनी बॉनेटवरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाले, "सचिन फाटकातनं आत आला की ह्योच आवाज यायचा. तेवढंच बरं वाटतं."

मी कामाला लागलो. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला, स्टार्टर मारून साचलेलं पेट्रोल बाहेर फेकलं. आत थोडं ऑइल सोडलं, प्लग वाळवून बसवले, फ्यूज लावला. पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि गाडी सुरू झाली. मला वाटलं, म्हातारा खूश होईल. ते आत बसून नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून राहिले. काटा मध्यावर आला तरी बंद करेनात.

निघताना त्यांनी विचारलं, "म्हंजी गार आसताना बंद केली, की मग चालू व्हत न्हाई?"

मी म्हटलं, अगदी बरोबर.

रविवारी सचिनचा फोन आला. गिऱ्हाईक बराच वेळ खटपट करून हात हलवत परत गेलं होतं. "रफिकभाऊ, तुम्ही तर चालू केली होती ना?"

माझ्या कामाला बट्टा लागत होता. तरी म्हणालो, "रोटरी आहे. तिचा भरवसा देता येत नाही."

तेव्हापासून बिघाडाचं कारण मी गिऱ्हाइकाला जरूर समजावतो. फक्त त्याआधी, गाडी घरात कोणाला विकायची आहे आणि कोणाला नाही, एवढं विचारून घेतो.