लॉनचा वास आणि तळमजल्यावरच्या आंटी

मी युरियावर काम करते असं सांगितलं, की मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत लोक आदराने विषय बदलतात. शेतात टाकलेल्या युरियातला बराचसा नायट्रोजन पिकाला मिळण्याआधीच अमोनिया होऊन हवेत उडून जातो. तो उडू नये म्हणून खताच्या दाण्यावर कोणतं रसायन लावावं, हे आम्ही प्रयोगशाळेत तपासतो. आमच्या सेक्रेटरींच्या भाषेत, "मॅडम का खाद का कुछ है."

सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ. कुणावर तरी हुकूम चालवायची सवय एकाएकी कशी सुटणार? घरचे ऐकेनात, म्हणून ते गवताकडे वळले. बिल्डरने राडारोड्यावर चार बोटं माती पसरून दिलेलं आमचं लॉन प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर पिवळं पडलं, आणि झेंडावंदनाला तर स्थानिक पुढारी यायचे होते. देशाचा सन्मान आता गवतावर अवलंबून होता.

सेक्रेटरींनी पालघरकडच्या एका नातेवाइकाकडून युरियाची गोणी आणली आणि संध्याकाळी स्वतःच्या हाताने मुठी मुठी फेकली. माळी पाइप घेऊन आला तर त्याच्यावर ओरडले, "पानी मत डाल, सब बह जाएगा!" रात्री दव पडलं, दुपारी ऊन तापलं आणि लॉनभोवती असा वास सुटला, की खालच्या मजल्यावरच्यांचे डोळे चुरचुरू लागले.

कारण शोधायला कमिटीला फार वेळ लागला नाही. तळमजल्यावर उत्तनच्या कोळीवाड्यातल्या एक आंटी राहायच्या. मुलाला इथून नोकरी जवळ पडते म्हणून त्याच्याबरोबर गाव सोडून आलेल्या. त्यांच्या गॅलरीत दोरीवर बोंबील वाळत होते. सोसायटीच्या ग्रुपवर संदेश झळकला, 'मच्छी की बदबू से बच्चे बीमार हो रहे हैं.' कोणती मुलं, ते कुणी विचारलं नाही. मग सेक्रेटरी दोन सदस्यांना घेऊन गेले, आंटींची बेल वाजवली आणि संस्कृतीवर एक लहानसं भाषण देऊन आले.

आंटींनी बोंबील काढले, गॅलरी धुतली, खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्या दिवशी वास वाढला. मासळीच अशी चिवट, असा कमिटीचा निष्कर्ष.

मी तेव्हा कामासाठी बाहेरगावी होते. परत आले आणि गेटमधून आत शिरताच ओळखलं, हा अमोनिया. हा वास मी रोज पगार घेऊन हुंगते. माळ्याने युरियाची सगळी हकीकत सांगितली. तशीच आंटींकडे गेले. त्या बंद खिडकीशी बसल्या होत्या.

"दोनदा आंघोळ केली गो," त्या म्हणाल्या. "तरी वाटतंय माजाच वास येतोय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात लाल लिटमसच्या पट्ट्या होत्या. त्या ओल्या करून दोन काचेच्या वाट्यांत आतून चिकटवल्या. एक वाटी लॉनवर पालथी घातली आणि दुसरी जिथपर्यंत युरिया पोचला नव्हता त्या कोपऱ्यात. मग सेक्रेटरींना खाली बोलावलं. थोड्या वेळाने लॉनवरची पट्टी निळी झाली होती, कोपऱ्यातली लालच.

"ये कागज का तो काम ही है रंग बदलना," सेक्रेटरी म्हणाले.

"मग त्या कोपऱ्यातला कागद सुट्टीवर आहे का?"

सेक्रेटरींनी दुसरा मुद्दा काढला. "लेकिन युरिया तो नीम कोटेड था. एकदम नॅचरल!"

मी सांगितलं, की कडुनिंबाचा लेप कामाचा असतो, पण पुढच्या टप्प्याला. अमोनियाचं नायट्रेट होऊन ते पाण्याबरोबर झिरपून जाणं त्याने लांबतं. त्याच्या आधी मातीतलं युरिएज नावाचं विकर युरिया फोडतं, आणि दाणे वरच पडून राहिले, तर अमोनिया सरळ हवेत जातो. राडारोड्यातल्या सिमेंटचा चुना त्याला आणखी मदत करतो. त्या विकराला काही दिवस थोपवणारं रसायन वेगळं. ते नसेल, तर युरिया मातीत मुरावा म्हणून निदान लगेच पाणी तरी द्यायचं.

"पाणी?" बाजूला पाइप घेऊन उभा असलेला माळी म्हणाला.

लॉनला भरपूर पाणी दिलं आणि वास ओसरला. गवत मात्र जागोजागी करपलं होतं. झेंडावंदनाला त्या डागांवर खुर्च्या मांडल्या, आणि पुढाऱ्यांनी हरित शहराबद्दल मनापासून भाषण केलं. पुढे परवानगी काढून मी प्रयोगशाळेतून रसायन लावलेला थोडा युरिया आणला. पहिल्यापेक्षा कितीतरी कमी टाकला. वास आला नाही, गवत हिरवं झालं. सूचना फलकावर लागलं, 'सेक्रेटरींच्या मार्गदर्शनाखाली वैज्ञानिक लॉन.'

माफीचा विषय मात्र कुणी काढेना. मी ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातच्या जागी 'माफी कधी?' एवढंच विचारू लागले. शेवटी वैतागून सेक्रेटरी माझ्याबरोबर आंटींच्या दारात आले.

"आंटी, गलती खाद की थी," ते म्हणाले.

आंटी शांतपणे म्हणाल्या, "खताने माजी बेल न्हाय वाजवली."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर करायचं टाळलं. त्यांना मराठी उत्तम समजतं, हे मला मेंटेनन्सच्या भांडणांपासून ठाऊक होतं. ते चपलांकडे बघत, हात जोडून "माफ करा" म्हणाले. चक्क मराठीत.

आंटींनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. आत या, असं त्या म्हणाल्या नाहीत.