टॉलेमींच्या तक्त्यातली बेरेनिके

मंगळवारी आमची मुलगी रेवा गेली. ती सात वर्षांची होती. तेरावा झाल्यावर मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपवर परत गेलो. टेबलावर टॉलेमी घराण्याचा तक्ता तसाच पडला होता.

अलेक्झांडरनंतर इजिप्तवर राज्य केलेलं हे ग्रीक घराणं. एका म्युझियमसाठी आम्ही त्याच्या वंशावळीचं पॅनेल, म्हणजे भिंतीवरचा माहितीफलक, करत होतो. मजकूर म्युझियम देतं, मांडणी मी करतो. अक्षर ठरलेल्या मापाहून लहान चालत नाही. त्या मापात नावं मावत नव्हती.

"जो राजा नहीं बना, उसको उडाओ," आमचे मालक बशीरभाई म्हणाले. "चार बजे प्रिंट. यल्ला, जल्दी."

मलाही त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या घरच्या वंशावळीतही लहानपणी गेलेली मुलं नाहीत. ज्यांच्याखाली पुढच्या पिढीची रेघ नव्हती अशी सहा नावं मी काढली आणि सवयीने शेजारच्या पॅनेलसकट प्रूफ बायकोला पाठवलं. माझी प्रूफं अंजलीच वाचते. रेवा गेल्यापासून तिने वर्तमानपत्रही उघडलं नव्हतं.

अर्ध्या तासाने तिचा फोन आला.

"शेजारच्या पॅनेलवर राजकन्या बेरेनिके आहे. लहानपणीच गेली. पुजाऱ्यांच्या बायकांना तिच्या नावाची भाकरी देत, असं लिहिलंय. तक्त्यात कुठेय ती?"

"काढली. पुढे वंश नाही तिचा."

"म्हणून?"

मी फोन कानाला ठेवूनच तक्त्याची फाइल उघडली. तिनेही फोन ठेवला नाही.

बशीरभाईंना मी म्हटलं, एक नाव परत घ्यायचंय.

"जगह किधर है, नाईकजी? रानी थी क्या?"

"नहीं. बच्ची थी."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग प्रिंटरला फोन लावला. "पाँच बजे करो. हाँ हबीबी, पाँच."

मी तक्ता पुन्हा पाहिला. टॉलेमी पहिला, टॉलेमी दुसरा, टॉलेमी तिसरा. पंधरा राजे, पंधरा वेळा तेच नाव. ते एकदाच वर घेतलं, खाली नुसते आकडे ठेवले. सहाही नावं परत बसली. बेरेनिके तिसऱ्या टॉलेमीखाली आली. प्रूफ तपासणाऱ्या म्युझियमच्या बाईंनी नव्या प्रतीवर 'बेटर' एवढंच लिहिलं.

जागा नाही म्हणून नाव काढण्याआधी, कुठलं नाव पुन्हा पुन्हा लिहिलंय ते पाहावं. बावीस वर्षं हे काम करून मला हे आधी सुचायला हवं होतं.

पॅनेल भिंतीवर आहे. घरच्या वंशावळीत माझ्या आणि अंजलीच्या नावाखाली मी रेवा लिहिलं आहे. तिच्याखाली रेघ नाही.