कोरडी गाठ

मी लेखक नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करावं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, पण पुढं पोलिसात लिहिलं ते पंचनामे आणि जबाबच. तरी गंगाखेडजवळच्या त्या घाटाचं नाव निघालं की आजही डोळ्यांसमोर एक गाठोडं येतं.

पलीकडून परत येताना गोदावरीत नाव उलटली. बाकीचे वाचले, एक म्हातारे गेले. पलीकडं लेकीच्या नव्या घराची चौकट बसवायला गेले होते. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. नावाडी म्हणाला, "लाइफ जॅकेट दिले होते साहेब, लोकांनीच काढून टाकले."

म्हाताऱ्यांची बायको ठाण्यात आली. "जाताना यांच्या अंगात होतं वो, मी पाहिलं. मग येताना कुणी काढलं?"

दुसऱ्या दिवशी एका मासेमाराचा फोन आला, खाली बाभळीत गाठोडं अडकलंय. गाठ तशीच होती. आत सगळी जॅकेट, नीट घडी घातलेली.

ते टेबलावर ठेवलं तेव्हा नावाडी खाली बसला. "इकडच्या काठाच्या हापिसाचा नियम जॅकेटचा. तिकडच्या हापिसाचा फकस्त माणसं मोजायचा. जॅकेट इकडच्या हापिसाचे. तिकडं वाटताना हरवले तर माझा परवाना जातो. म्हणून येताना बांधून ठेवायचो."

"नावेतच होती?"

"पायापाशीच होते, साहेब."

नावाड्यावर दोषारोपपत्र गेलं. दोन्ही कार्यालयांना एकच नियम करा म्हणून मी पत्रं पाठवली. बाई म्हणाल्या, "दोनी काठाला एकच कायदा होईस्तोर मी नावेत पाय ठेवणार न्हाई." पूल लांब, एसटीच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या. लेक सणाला वळसा घालून यायची. पण जिच्यापायी नवरा गेला ती चौकट बाईंनी पाहिली नव्हती. संध्याकाळी घाटावर बसून त्या पलीकडच्या पत्र्यांतला लेकीचा पत्रा शोधायच्या. मलाच विचारायच्या, "त्यो चमकायलाय, त्योच का वो?"

नावाडी वाईट माणूस नव्हता. तो दोन्ही काठांचे नियम पाळत होता. मधल्या पाण्याला मात्र नियमच नव्हता. एवढं मला ती केस शिकवून गेली. निवृत्तीनंतरही गंगाखेडचा कुणी भेटला की मी आधी घाटाचं विचारायचो.

मागच्या आठवड्यात लेकीचा फोन आला.

"साहेब, नियम एक झाला. आता इकडून निघतानाबी जॅकेट घालावंच लागतं. आई आलीय."

"कुठं आहेत?"

"दारात. चौकटीवरून हात फिरवायलीय. जॅकेट काढ म्हणलं तर काढंना."