कडू न लागणारं घर

“म्हंजे पोरगं माझं न्हाई, असं म्हणून राह्यले का तुम्ही?”

मामा ओरडत होते. मंठ्याच्या अलीकडच्या त्या गावातून तो आवाज निघाला आणि माझ्या अंदाजानं परतूरच्या बाजारात दोन बैलांनी दावी तोडली. मामा म्हणजे त्या घरचे कर्ते. माझे कुणी नव्हेत, पण रक्त काढायला गेलेला माणूस चहाच्या पहिल्या घोटालाच सगळ्यांना मामा-मामी करून टाकतो. नाहीतर रक्त मिळत नाही.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी जाफराबादचा, बी.एस्सी. होऊन घरी बसलेला. पुण्याहून आलेल्या एका संशोधक साहेबांना इकडची बोली आणि इकडचे रस्ते कळणारा माणूस हवा होता. जिल्ह्यातली सगळी कुत्री मला नावानं ओळखतात, असं मी त्यांना सांगितलं. लागलो कामाला.

काम असं. जिभेवरच्या पेशींच्या अंगावर ग्राही नावाचे इवलेसे रेणू बसलेले असतात, जकात नाक्यावरच्या कारकुनासारखे. कडू माल आला की आत वर्दी देतात. काही माणसांचा हा कारकून एका ठरावीक पदार्थापुरता जन्मभर झोपलेला असतो. तो ग्राही घडवणारं जनुक कोणत्या गुणसूत्रावर, नेमकं कुठं, हे शोधायचं होतं. म्हणजे मोजणीच म्हणा, फक्त शेताऐवजी माणसाची. त्यासाठी साहेबांना एका घरातल्या तीन पिढ्या हव्या होत्या. प्रत्येकाच्या जिभेवर त्या पदार्थात भिजवून वाळवलेला कागदाचा तुकडा ठेवायचा, काय लागलं ते लिहायचं, मग सोबतच्या सिस्टरबाई दंडातून रक्त काढणार.

सकाळी आम्ही सगळ्यांना ओसरीवर ओळीनं बसवलं. मानाप्रमाणे मामांच्या आई पहिल्या. सुना त्यांना आत्याबाई म्हणत. त्यांनी कागद चघळला, चुकून गिळलाही, आणि काही लागत नाही, आणखी असेल तर द्या म्हणाल्या. मामांनाही काही लागलं नाही. मामींनी कागद जिभेवर ठेवू दिला, खाली बघितलं आणि नुसती मान हलवली. काही नाही. आत्याबाईंच्या धाकट्या दोन्ही सुनांनाही काही नाही. मग मामांचा मुलगा, जालन्याला कॉलेजात शिकणारा. कागद टेकला मात्र, तो असा थुंकला की अंगणातली मोटारसायकल धुऊन निघाली.

साहेबांच्या वहीत कडू लागणाऱ्याचं चिन्ह काळं, न लागणाऱ्याचं कोरं. इथं दोन कोऱ्यांच्या खाली एक काळं आलं. साहेब विद्वान होते, पण ओसरीवर काय बोलावं हे विद्यापीठात शिकवत नसावेत. मोठ्यानं म्हणाले, आईबाप दोघांनाही लागत नसेल तर सहसा मुलालाही लागू नये. मुलानं विचारलं, मंग? साहेब म्हणाले, एकतर चाचणी चुकली, नाहीतर... आणि पाणी प्यायले.

त्या ‘नाहीतर’च्या पुढचं मामांनी स्वतःच भरून घेतलं, आणि ओरडले. बायकोला आजच्या आज माहेरी धाडतो म्हणाले. मुलाला जीप आणायला सांगितलं. तो जागचा हलला नाही. मामी खांबाला टेकून बसल्या होत्या. वीसेक वर्षांचा संसार बोटभर कागदावर येऊन ठेपला होता, आणि तो कागद त्यांच्या जिभेवर मीच ठेवला होता. आत्याबाई सुपातल्या तुरी निवडत राहिल्या.

साहेबांनी आनुवंशिकतेतले अपवाद समजावून सांगायला सुरुवात केली. शुद्ध मराठीत. कुणी ऐकलं नाही. पुढं मी कैक वर्षं सांगत आलोय की तेव्हा मी वाघासारखा मध्ये उभा राहिलो. खरं म्हणजे मी सिस्टरबाईंच्या मागं होतो. तिथूनच म्हणालो, मामा, जीप येईस्तोवर मामींचं एकदा परत बघू, बायकांचं बायकांनी.

सिस्टरबाई मामींना एकटीला आत चुलीपाशी घेऊन गेल्या आणि दार ओढून घेतलं. आधी साधा कागद द्यायचा, मग तो; कोणता कोणता हे सांगायचं नाही, असं ठरलं होतं. पहिल्यांदा आतून काहीच आवाज आला नाही. मग खाकरणं ऐकू आलं, मग थुंकणं, तांब्या भांड्यावर आपटल्याचा आवाज, चूळ, आणि परत थुंकणं. मामा दाराकडं तोंड करून उभे होते. ते हळूच ओसरीच्या काठावर बसले आणि पायातली चप्पल काढून परत घातली.

सिस्टरबाई बाहेर आल्या. साहेबांच्या हातातलं पेन घेऊन त्यांनी मामींचं कोरं चिन्ह काळं करून टाकलं. मागून मामी आल्या, तेव्हा मी त्यांना विचारलं, एवढं जहर लागत होतं तर सकाळी सांगितलं का नाही?

मामींनी पदरानं तोंड पुसलं.

“आत्याबाई म्हणल्या, काई लागत न्हाई. मंग त्यांच्या म्होरं मी कडू कसं म्हणू.”