खुनी कोण, ते स्वतः वाचायचं

मासळी विकून झाली की एक मावशी पनवेलच्या आमच्या वाचनालयात यायच्या. सून त्यांना रहस्यकादंबऱ्या वाचून दाखवायची. पण भांडण झालं, की खुनी कळायच्या आतच पुस्तक मिटायची. म्हणून मावशी मुलांच्या चित्रपुस्तकांवरून वाचायला शिकत होत्या.

"ह्यो पापलेट शिळा हाय, भाऊ. डोळा बघा कसा पांढरा!" असा चित्रातल्या माशावर अभिप्राय देऊन खालची ओळ बोट ठेवून वाचायच्या. मी तिथला ग्रंथपाल, घरातला पहिला पदवीधर. ते सरकणारं बोट पाहून मला माझ्या शाळेचे उपकार आठवायचे.

परवा त्या नव्या कादंबरीची मुदत वाढवायला आल्या. "मी संपवली. सून अजून अर्ध्यावर हाय."

"खुनी कोण, ते सांगितलंत तिला?"

"नाय. पण आता भांडून तर बघू दे!"