सुकडीचा वाटा

वडिलांना चोपन्नाव्या वर्षी लकवा झाला, तोवर त्यांचं बीपी कुणी मोजलंच नव्हतं. मला आता बावन्नावं लागलंय आणि मी दिवसातून सहा वेळा मोजते. शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिता लिहिता मध्येच उठते, दंडाला पट्टा गुंडाळते, आकडा बघते आणि घाबरून पुन्हा मोजते. खाण तशी माती, असं नातेवाईक म्हणतात. मला त्या म्हणीचा राग येतो. मी मीठ कमी केलं, शेंगाचटणी सोडली. सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडणं म्हणजे काय, ते सोडणाऱ्यालाच कळतं. तरी आकडा हटेना.

गेल्या महिन्यात मी डॉक्टरांनाच धारेवर धरलं. एवढं पथ्य पाळून माझंच का? ते म्हणाले, काही वडिलांकडून आलं असेल. पण जनुकं मिळाली की झालं, असं नसतं. त्यातली कुठली जागी राहतात, कुठली निजतात, यावर पोटातल्या दिवसांचाही परिणाम होतो. तेव्हा आईची उपासमार झाली, तर पुढं मुलाला बीपीचा धोका वाढू शकतो. तुमच्या बाबतीत तसंच झालं, हे मात्र सांगता येणार नाही.

शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. मला कारण हवं होतं, ते मिळालं होतं. घरी येऊन, चप्पलही न काढता, मेथी निवडत बसलेल्या आईला विचारलं, "मी पोटात होते तेव्हा तू काय खात होतीस?"

"दुष्काळ हुता की. सांगोल्याकडं खडी फोडाय जायाची. कामावर सुकडी मिळायची, गोड पिठाची."

"पोटभर?"

"मूठभर खायाची. बाकीची पदरात बांधून तुज्या भावाला आणायची. दोन वर्साचा हुता."

मग मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला. पोटातच उपाशी ठेवलंस, म्हणून हे भोगतेय, असंही बोलून गेले. चेष्टेत बोलले, असं मी अजून स्वतःला सांगते. ते खरं नाही.

आई मेथीची पानं खुडत राहिली. मला बसवेना, उभंही राहवेना. मशीन काढलं, तसंच परत ठेवलं.

जुडी संपल्यावर काड्या गोळा करत ती म्हणाली, "तू दिसत न्हवतीस गं. त्यो म्होरं बसून रडायचा."