काहून म्हणाल तर चहा करा!

आमच्या बैठकांचे किस्से म्हणजे मडक्यांची उतरंड आहे. तळातलं एक ओढावं, तर वरची सगळी डोक्यावर! लोक ऐकून पोट धरून हसतात. मला सांगताना आजही राग येतो. येऊ द्या. राग आला की माझी भाषा चांगली होते.

आधी बैठक म्हणजे काय ते सांगते. वयात येणारं लेकरू बिनसलं, म्हणजे शाळा सोडली, गुटखा धरला, मारामाऱ्या करायला लागलं, नाहीतर तोंडच मिटून बसलं, की आम्ही त्याच्या घरी जातो आणि अख्ख्या घराला समोर बसवतो. एकट्या लेकराला नाही. गरज पडली तर शाळेचे गुरुजी आणि शेजारीही येतात. ही पद्धत ठिकठिकाणी वापरून, तपासून पाहिलेली आहे, कुणाच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही, असं आमच्या रेश्मा मॅडम सांगतात. त्या शिकलेल्या समुपदेशक. मी पारूबाई. अक्षरं मी एसटीच्या पाट्यांवरून शिकले आणि पुढं वर्तमानपत्रं वाचून वाचून डोळे फोडले. डोंगरकड्याच्या आसपास मला दार न उघडणारं घर नाही, म्हणून संस्थेनं मला घेतलं. माझं तोंड कुणाला बंद करता येत नाही हे त्यांना नंतर कळलं!

*

वारंगा फाट्यावर गजाननचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी आणून टाकायच्या, संध्याकाळी दुरुस्त करून न्यायच्या. एक दिवस हा गडी आपल्या मुलीला, वैष्णवीला, गाडीवर बसवून आमच्या केंद्रावर आला.

"हिला ठेवून जातो. पाचला येऊन घेऊन जातो," तो म्हणाला. "दिवाळीपासून घरात एक शब्द बोलना. ताट फेकती. काय बिघाड हाय तेवढा काढा."

मी विचारलं, "गजानन, मोटार कशानं जळती रे?"

"लाईन खराब असली की जळती, माय. एक फेज गेला की संपलं."

"मंग घरातली लाईन कोनी बघायची?"

तो म्हणाला, "माय, गिऱ्हाईक खोळंबलंय." आणि गाडीला किक मारून गेला!

*

बिघाड काय होता तो वैष्णवीच्या आईनं, मंदानं, रडत रडत सांगितला. पोरगी लहानपणापासून दुकानात बापाशेजारी बसून तांब्याची तार गुंडाळायची. हात असा चालायचा की बाप गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायचा. दिवाळीत औंढ्याचे दाजी, म्हणजे गजाननच्या बहिणीचे मालक, स्थळ घेऊन आले. गजाननने हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पोरीला म्हणाला, आता दुकानात चार लोकांत बसायचं नाही. आणि दहावीची परीक्षा झाली की शाळाही बंद. पोरीला सोळा पुरी नाहीत!

मी गजाननला दुकानात गाठून कायदा ऐकवला. मांडवात पोलीस आणीन म्हटलं.

तो शांतपणे म्हणाला, "लगीन कुठं लावून राहिलो, माय? नुसतं बोलून ठेवायचं. बोलायला कायदा हाय का?"

पोरीशी बोलायला नको, पोरीचं मात्र बोलून ठेवायचं! त्या दिवशी मी घरी येऊन इतक्या जोरात भाकरी थापल्या की एकही धड निघाली नाही.

*

आता "काहून"ची, म्हणजे आमच्याकडच्या "का"ची गोष्ट. हिंगोलीला आमचं ट्रेनिंग होतं. पुण्याचे सर शिकवायला आले होते, माणूस चांगला होता. म्हणाले, "मुलांना 'का' असं विचारू नका. 'का केलंस' म्हटलं की मूल आरोपी होतं. काय झालं, कसं झालं, मग तुला काय वाटलं, हे विचारा."

मागच्या रांगेतून एक बाई उठली. "सर, काहून?"

सगळा हॉल हसून लोळला! सरांना बिचाऱ्यांना कळेचना.

मी हसले नाही. मला आमची सगळी घरं दिसली. काहून उशीर केला, काहून हसली, काहून रडून राहिली, काहून गप बसली. लेकराला जन्मापासून एवढा एकच प्रश्न, आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं की थोबाडीत!

तेव्हापासून मी नियम केला. बैठकीत जो "काहून" म्हणेल त्यानं उठून सगळ्यांचा चहा करायचा. बाप असो, आजा असो, सरपंच असो.

रेश्मा मॅडम म्हणाल्या, "मावशी, हे मॅन्युअलमध्ये नाही."

"मंग घाला," मी म्हटलं.

*

या नियमात पहिले सापडले एक मोठे बागायतदार. पोरानं शाळेत काच फोडली होती. बसल्या बसल्या गरजले, "काहून फोडली?" मी चुलीकडं बोट दाखवलं. त्यांनी गड्याला हाक मारली आणि फाट्यावरच्या हॉटेलातून चहा मागवला. किटली आली, कप आले, वर खारी!

मी कप पालथा घातला. "गडीच समदं करतो तर बैठकीला त्यालाच बसवा. पोराचा बाप तोच दिसून राहिला!"

बागायतदार लालबुंद झाले. त्यांची म्हातारी आई पदरात तोंड घालून हसत होती. शेवटी त्यांनी चहा केला. काढ्यासारखा झाला होता. पोरानं दोनदा मागून घेतला!

*

एका शाळेचे गुरुजी बैठकीला आले. विषय होता गुटखा. गुरुजींनी हनुवटी वर केली, ओठ मिटून सांभाळले आणि सुरू झाले, "या पिधीला व्यथनानं खाऊन ताकलंय..."

ज्याच्यासाठी बैठक होती तो पोरगा नम्रपणे म्हणाला, "सर, पयले थुकून या. काई समजना!"

गुरुजी बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. नंतर पोराचं नाव हजेरीतून काढायची भाषा करू लागले. मी शाळेत जाऊन त्यांच्या टेबलावर हात आपटला तेव्हा भाषा बदलली. हा किस्सा ऐकून हसायचं असेल तर एवढंही ऐका.

*

गजाननकडं आम्ही जात राहिलो. गजानन सोडून सगळे हजर! एकदा त्यानं कमालच केली. "मी व्हिडिओ कॉलवर बसतो," म्हणाला. मंदानं मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला. मॅडमनी बोलायला सुरुवात केली तर मोबाईलमधून आवाज, "अरे, बेरिंग गेलंय, तुला कवाच सांगून राहिलो!" मग एक शिवी. मग, "हां मॅडम, तुमी बोला, मी ऐकून राहिलो!"

वैष्णवी उठली. तिनं मोबाईल उचलला, जमिनीवर पालथा ठेवला आणि परत जागेवर येऊन बसली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आजबी बोलली न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, याहून स्पष्ट काय बोलायचं?"

*

मग माझं डोकं फिरलं. दाजी येत्या रविवारी पाहुण्यांना घेऊन सुपारी फोडायला येणार होते. मी फाट्यावर गेले आणि गजाननच्या दुकानात एका जळक्या मोटारीवर जाऊन बसले. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती.

"माय, काय काम काढलं?"

"मला दुरुस्त करून दे. लई तापून राहिले."

"उठा, माय, लोक बघून राहिले."

"बघू दे. पाचला येऊन कोनीतरी घेऊन जाईल मला!"

गिऱ्हाइकं हसायला लागली. एक जण म्हणाला, "गजाननभाऊ, ही मोटार काई तुमच्यानं होत न्हाई!" गजाननने शटर ओढलं आणि माझ्या मागं घरी आला.

*

घरात सतरंजीवर त्याची आई, मंदा, वैष्णवी, मॅडम आणि मी. गजानन दाराशी बसला, जणू दुसऱ्याच्या घरी आलाय. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच विचारा तिला."

"काहू..." त्यानं जीभ चावली, माझा नियम त्याच्याही कानावर होता. माझ्याकडं पाहिलं. मग पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "काय झालं, बाई?"

वैष्णवीच्या नाकपुड्या फुलल्या. इतक्या दिवसांनी आवाज आला, तोही घोगरा.

"पप्पा, दुकानात येऊ नको म्हणालात. स्थळाला हो म्हणालात. मला काईच इचारलं न्हाई. काहून?"

आणि उठली. नियम म्हणजे नियम. चुलीकडं निघाली.

"बस," गजानन म्हणाला. "तू बस."

तो आत गेला. भांडी आदळली. त्याची आई उठायला लागली, मी तिचा पदर धरून ठेवला.

"साखर कुठं हाय?"

मंदानं तोंड उघडलं, मी डोळे वटारले.

"फळीवर," वैष्णवी म्हणाली. "लाल झाकणाच्या डब्यात."

तेवढ्यात मंदाजवळ राहिलेला त्याचा फोन वाजला. दाजी! गजानन आतल्या दारात आला, एका हातात चहाचं गंज, दुसऱ्यात साखरेचा डबा. "स्पीकरवर टाक," तो मंदाला म्हणाला.

"गजाननराव, रईवारी पाहुणे आणून राहिलो. धाच्या आत. बराबर?"

"आणू नका."

"आं? काहून?"

गजाननने गंज खाली ठेवलं. फोनकडं वळून मोठ्यानं म्हणाला,

"दाजी, पयले इकडं या अन् समद्यांचा चहा करा!"